रा. रा. लक्ष्मीबाई यांस

मुक्काम डालग्याखाली, आमचं मागचं अंगण,
मरुदानल्लूर, कुंभकोणमजवळ.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायना लिहिण्यातच तीन कागद फुकट गेले. पहिल्यावर ‘चि. लक्ष्मीस अनेक आशीर्वाद’ लिहिलं. सात महिने तेच खरं होतं. दुसऱ्यावर ‘सौ.’ लिहून खोडलं, कारण तो प्रश्न आपण स्वतःच निकालात काढलात. शेवटी ‘रा. रा.’ घातलं आणि पुढे नाव तेच ठेवलं. बारसं होऊन गेलंय, आणि नातीने खुराड्याच्या फळीवर खडूने तमिळमध्ये जे नाव लिहिलंय ते पुसायला ती तयार नाही. तेव्हा राजमान्य राजश्री लक्ष्मीबाई, आपण जे कुणी असाल ते असा, पण पत्र वाचा. जाहीर आहे.

गेल्या मंगळवारी पहाटे चारला दहा कमी असताना आपण जो आवाज काढलात, त्याला आरवणं म्हणावं का, यावर घरात अजून एकमत नाही. आमच्या सौ.ना वाटलं, शेजारच्या बोअरची मोटर पाण्याऐवजी हवा ओढतेय. मला वाटलं, कुणाच्या तरी नरड्यात काटा अडकलाय. दुसऱ्या वेळी आपण जरा सावरलात. तिसऱ्या वेळी शेवटचा हेल लांबवलात, आणि आमची सात वर्षांची नात अंथरुणातूनच म्हणाली, ‘‘ताता, सेवल.’’

ताता म्हणजे आजोबा, सेवल म्हणजे कोंबडा. पोर इथल्या शाळेत जाते; दिवसा घरात मराठी बोलते आणि झोपेत तमिळ. इथून थोड्याच अंतरावर स्वामीमलै आहे, मुरुगनाच्या सहा ठाण्यांपैकी एक. तिथे पोराने बापाला, म्हणजे साक्षात शंकराला, ओंकाराचा अर्थ सांगितला आणि बापाने शिष्यासारखं गुमान ऐकून घेतलं, अशी कथा आहे. त्या देवळाच्या साठ पायऱ्या मी कितीदा चढलो असेन याचा हिशेब नाही. कथा खरी कळली ती मंगळवारी पहाटे, पांघरुणात.

आता गुन्हा केवढा ते कळावं, म्हणून फसवलंत कुणाला तेही ऐका. मी गलाईवाला. सांगली जिल्हा, खानापूर तालुका. आमच्याकडे पावसाने पाठ फिरवली म्हणून माणसं बाहेर पडली आणि देशात जिथं सोनाराची पेढी तिथं तिच्या मागच्या बोळात मूस आणि भट्टी मांडून बसली. विट्याची, आटपाडीची, पलीकडे माण-खटावची माणसं तुम्हाला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सोनं गाळताना दिसतील. मी चौदाव्या वर्षी मामाच्या मागे कुंभकोणमला उतरलो तेव्हा तमिळमधले ‘वा’ आणि ‘पो’, म्हणजे ये आणि जा, हे दोनच शब्द येत होते, आणि दुकानात तेवढे पुरतही होते. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी लोकांना त्यांचं सोनं खरं की खोटं ते सांगतो. कसवटीवर रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब सोडायचा, रेघ टिकते की विरते ते बघायचं. हिरवट दिसू लागलं की तांब्याने डोकं वर काढलं. आता टंच काढायचं मशीन आलंय, पण मशीनच्या आधी माझा आकडा तोंडातून निघतो. असा माणूस. त्याच्या अंगणात, त्याच्या नाकासमोर, आपण सात महिने कोंबडी म्हणून वावरलात.

मुळात कोंबडा नकोच होता. तीन वर्षांपूर्वी मी मरुदानल्लूरला घर बांधलं. गाव लहान, पण नाव मोठं. दक्षिणेत ज्यांना भजन संप्रदायाचे तीन आचार्य मानतात, त्यांत बोधेंद्र आणि श्रीधर अय्यावाळ यांच्यानंतरचं नाव मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींचं. तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळातले हे स्वामी, मठ इथेच. त्या परंपरेच्या भजनात आजही मराठी अभंग म्हणतात, म्हणणाऱ्याला मराठीचा म येत नसला तरी. नव्या घरात राहायला आलो त्या वर्षी भिंतीपलीकडून ‘विठ्ठला’ अशी हाक ऐकू आली, आणि हातातली डिग्री कॉफी गार झाली तरी मी उठलो नाही. अशा गावात पहाटे कुणी बेसूर ओरडू नये, एवढीच सौ.ची अट. कोंबड्या चालतील, कोंबडा नको.

तिला हवी होती खुडूक कोंबडी. हॅचरीच्या लेयर कोंबड्यांची बसण्याची खोड माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून घालवली. त्या अंडी देतात आणि विसरतात. सिल्की नावाच्या जातीचं उलट. तिच्याखाली गावरान अंडी घाला, बदकाची घाला, ती डोळे अर्धे मिटून बसते आणि एकवीस दिवस उठायचं नाव काढत नाही. सौ.चा बेत असा, की माहेरहून गावरान अंडी आणायची आणि सिल्कीकडून उबवून घ्यायची. सासरची कोंबडी, माहेरची अंडी. कावेरीच्या काठावर माणदेश उतरवायचा.

बाजाराच्या दिवशी मोटारसायकलला दोन्ही अंगांनी जाळीचे पिंजरे लटकवून एक पोरगा येतो. त्याचं नाव लिहीत नाही; नाव मोठं करून देण्याइतकं त्याने माझ्याकडून आधीच घेतलंय. पिंजऱ्यात कापसाचे पांढरे गोळे होते, दीड महिन्याचे. मी रीतसर पारख केली बरं का. साध्या कोंबडीला चार बोटं, सिल्कीला पाच. मोजली. पिसं फुंकर मारून बाजूला केली. खाली कातडं काळं, शाई सांडल्यासारखं. वाण अस्सल, हॉलमार्क जागच्या जागी. मग विचारलं, नर की मादी? त्याने चार गोळे उचलून टोपलीत टाकले आणि म्हणाला, ‘‘नूत्तुक्कु नूरु पेट्टै, सार.’’ शंभरातल्या शंभर माद्या. न पारखलेलं पिल्लू दोनशेला, पारखलेली मादी साडेतीनशेला. वरचे दीडशे त्याच्या शब्दाचे. मी सहाशे रुपयांचे चार शब्द विकत घेतले.

आणि घेताना भर बाजारात मोठ्याने म्हणालो, ‘‘मुलगीच हवी, मुलगा नको.’’ आमच्या जिल्ह्याचं नाव या बाबतीत फारसं उजळ नाही. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशात सगळ्यांच्या आधी कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला, आणि तालुक्याच्या दवाखान्यात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आली. ती पाटी वाचत म्हातारे झालेले आम्ही. पण कोंबडी म्हटली की आमची मतं एकदम सुधारतात. मुलगी झाली हो! मुलगा झाला तर रस्सा.

असो. आता आपल्या कुळाकडे वळू, कारण कटाचं मूळ तिथं आहे.

कोंबड्याला कोंबडा म्हणून कशावरून ओळखतात? साध्या जातीत पोरगं वयात येऊ लागलं, की मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, टोकदार, चकचकीत होतात. शेपटीत कोयतीसारखी वाकलेली पिसं येतात. तुरा वाढतो, लाल होतो, गळ्याखाली कातडी लोंबू लागते. तीन महिन्यांत आंधळ्यालाही कळतं. आपल्या पूर्वजांनी एकेक पुरावा पद्धतशीर नष्ट केलेला आहे. पिसाचे धागे एकमेकांत अडकवून ठेवणारे जे बारीक आकडे असतात ते आपल्याकडे नाहीतच. म्हणून पीस हे पीस राहत नाही, त्याची लोकर होते, आणि लोकरीला टोक कुठलं नि चमक कुठली. तुरा उभा करवतीसारखा नाही, अक्रोडासारखा चपटा गड्डा. तोही काळसर जांभळा. लाल झाला की नाही हे बघायचं कसं? डोक्यावर पिसांचा झुबका, काहींना गालावर दाढी, बायका-पुरुष दोघांनाही. हे पाखरू नाही, बुरखा आहे.

तेराव्या शतकात मार्को पोलो चीनमधून सांगत आला, की तिकडे मांजरासारखी केसाळ, काळी कोंबडी असते आणि ती उत्तम अंडी देते. त्याला कुणी खोटं म्हटलं असेल तर मला त्याची दया येते. पुढे युरोपात ही ससा आणि कोंबडीची अवलाद आहे असं सांगूनही विकली गेली. म्हणजे आमचा मोटारसायकलवाला तसा प्रामाणिकच. त्याने निदान कोंबडी एवढं तरी खरं सांगितलं.

आणि ही फक्त परदेशी लबाडी नाही. काळं कातडं, काळं हाड, काळं मांस हे आपल्या कडकनाथचंही लक्षण. झाबुआ भागातल्या भिल्लांची ही कोंबडी, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि धोनीने रांचीच्या शेतासाठी दोन हजार पिल्लं मागवली तेव्हा तर ती क्रिकेटच्या पानावर गेली. पण धोनीच्या आधी, २०१९ साली, आमच्याच जिल्ह्यात इस्लामपूरच्या बाजूला कडकनाथच्या नावाने काय झालं ते विसरलो नाही. पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्ही घेतो, गॅरंटी आमची. हजारो शेतकरी बुडाले. मी त्यात एक रुपया घातला नव्हता, आणि पुढची दोन वर्षं भावकीत ‘माणूस लांब राहतो पण धोरणी आहे’ असं ऐकून घेतलं. तो धोरणी माणूस पुढे दीडशे रुपयांच्या गॅरंटीत पडला.

गॅरंटी देणारे फार जुने आहेत म्हणा. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं, लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोल अंड्यातून नर. रोमच्या प्लिनीने लिहिलं, गोल अंड्यातून मादी. दोघं मोठी माणसं, दोघांची नूत्तुक्कु नूरु. खरी विद्या निघाली ती जपानात. टोकियोचे कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडलं तर आत मोहरीहूनही बारीक उंचवटा दिसतो. तो कसा आहे यावरून नर की मादी ते ठरतं. १९३३ साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि जपानी पारखी जगभरच्या हॅचऱ्यांत गेले. सराईत माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं उजवी-डावीकडे टाकतो, आणि कसं ओळखलंस विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही. हे मला लगेच पटलं. मामाही मला कधी सांगू शकला नाही, रेघेकडे बघून त्याला साडेएक्याण्णव कसं दिसतं. पण ती नजर पहिल्या दिवसाची. दीड महिन्याच्या पिल्लाला उलटं करून मी जे बघितलं ते बघायला नको होतं, आणि त्यातून कळलं काहीच नाही.

लेयरच्या धंद्यात आता याहून सोपं केलंय. आईबाप असे जुळवायचे की पोरींचा रंग वेगळा निघावा, किंवा पंखाची पिसं लवकर फुटावीत. इथून चार तासांवर नामक्कल, अख्ख्या तमिळनाडूचं अंड्याचं कोठार. तिथं नर पिल्लू म्हणजे पहिल्याच दिवशी कचरा. जर्मनीने २०२२पासून अशी पिल्लं मारायला बंदी घातली, म्हणून ते आता अंड्यातच बघतात. आपल्यासाठी एवढी यातायात कुणी करत नाही, लक्ष्मीबाई. तुमची पैदास शोभेची. पोपट पाळणारे लोक एक पीस किंवा रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवून निकाल आणतात, तो रस्ता मोकळा होता. पण साडेतीनशेच्या दागिन्याला कुणी एवढी तपासणी करतं का?

तेव्हा मी घरगुती कसोट्या लावल्या. त्या दिवसांतला माझा आत्मविश्वास आठवला की आता अंगावर काटा येतो. सुई-दोरा धरला. पिल्लावर सुई गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर, असं मेहुण्याने फोनवर सांगितलं. तुमच्यावर गोल फिरली. मेहुणा म्हणाला, बघ. मग मी त्याच सुईखाली माझं घड्याळ धरलं, तेही मादी निघालं.

मग टोपीची कसोटी. पिल्लं चरत असताना वरून अचानक टोपी टाकायची. नर मान ताठ करून उभा राहतो, माद्या दबून बसतात. वडिलांची गांधी टोपी मी फक्त पंधरा ऑगस्टला घालतो. ती काढून टाकली. टोपलीतल्या बाकीच्या दोघी, सरस्वती आणि पार्वती, केळीच्या बुडाशी पळाल्या. चौथं पिल्लू जागेवर उभं राहिलं, छाती काढली आणि टोपीला चोच मारली. आणि आपण? आपण सगळ्यांत आधी जमिनीला चिकटलात. डोळे मिटलेत. नातीने उचललं तर थरथरत होतात. त्या थरथरीवर मी खूश होऊन सौ.ला हाक मारली होती, आठवतंय? ‘‘अगं, हिला बघ, किती लाजरी.’’

चौथ्या पिल्लाचं मूळ नाव शेवंता. त्या टोपीनंतर त्याचं नाव बाजीराव झालं. लक्षणं सगळी होती. चाल ऐटीची, उंची वरचढ, तुऱ्याचा गड्डा तुमच्यापेक्षा रुंद, झुबक्यातून मागे गेलेले दोन-तीन केस. ज्यांना कळतं ते म्हणतात, मादीचा झुबका पावडरच्या पफसारखा गोल आणि नराचा मागे वळवलेला. तुमचा अगदी गोल होता. बाराव्या आठवड्यात मी निकाल दिला. रोज सकाळी दारात फूल घालायला पूक्कारम्मा येते, तिला कोंबडा हवा होता. मी बाजीरावाला टोपलीत घालून दिलं. तिने विचारलं, ‘‘निच्चयमा, सेट?’’ नक्की ना? मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणालो, ‘‘नूत्तुक्कु नूरु.’’

मग आपलं खरं नाटक सुरू झालं. पाचव्या महिन्यात तुम्ही डालग्यात बसायला लागलात. दुपारी दोन-दोन तास. सौ.ने जुनं लुगडं अंथरलं, खाली कांदा ठेवला अंडं म्हणून. तुम्ही तो पोटाखाली ओढून घेतलात. कुणी जवळ गेलं की फुगून घुर्र करायचात. सहा महिने होऊन गेल्यावर एक दिवस तुमच्याखाली खरंच अंडं निघालं, लहानसं, फिक्कट सायीच्या रंगाचं. सौ.ने तुम्हाला हळदकुंकू लावलं. पांढऱ्या लोकरीवर ते कुंकू अजून थोडं दिसतं. त्याच वेळी पार्वती कोपऱ्यात पंख पसरून बसली होती, नुकतीच मोकळी झाल्यासारखी, आणि तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. सिल्कीचे काही नरही पिल्लांजवळ, अंड्यांजवळ बसतात, हे मला आता कळलंय. पण दुसरीच्या अंड्यावर बसून स्वतःचं बाळंतपण साजरं करून घ्यायचं, ओटी भरून घ्यायची, डिंकाच्या लाडवाचा चुरा खायचा, हे कुठल्या जातीच्या लक्षणात बसतं? वराहमिहिराने बृहत्संहितेत कोंबड्याच्या शुभाशुभ लक्षणांवर प्रकरण लिहिलंय. कोंबडा लुगड्यावर बसून लाडू खातो तेव्हा घरात काय होतं, हे बघायचं राहिलंय.

आरवल्यानंतर मेहुण्याने नवीन शोध लावला: लक्ष्मी कोंबडीच होती, आता बदलली. असं होतं हे खरं. कोंबडीत डावीकडचा एकच अंडाशय कामाचा वाढतो. तो आजाराने बिघडला तर क्वचित तिला तुरा येतो, ती आरवायलाही लागते. पण ते वयस्क कोंबडीचं दुखणं. वर्षही न भरलेल्या तुमच्यासारख्या धष्टपुष्ट माणसाला ते लागू नाही. मोटारसायकलवाल्याला पकडलं तर तोही तेच म्हणाला, फक्त जास्त थोडक्यात: ‘‘मी दिली तेव्हा पेट्टैच होती, सार.’’ सोनारही असंच सांगतो. आम्ही दिलं तेव्हा बावीसच होतं, घालून घालून उतरलं असेल.

तुम्हाला कायद्याची भीती नाही म्हणून सांगून ठेवतो. १४७४ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात एका कोंबड्यावर अंडं घातल्याचा खटला चालला आणि त्याला अंड्यासकट जाळलं. सैतानाचं काम ठरवून. तिथं कोंबड्याने अंडं घातलं हा गुन्हा होता; इथं कोंबड्याने न घातलेलं अंडं आपल्या नावावर लावून घेतलं. मी न्यायाधीश असतो तर त्या बाझलवाल्याला सोडून तुम्हाला धरलं असतं.

पण आपल्याला काय होणार? काहीच नाही. तुम्हाला ते माहीत आहे म्हणूनच ही ऐट. मुरुगनाच्या ध्वजावर कोण आहे? कोंबडा. शूरपद्म राक्षसाचे दोन तुकडे झाले, एकाचा मोर होऊन तो देवाचं वाहन बनला, दुसऱ्याचा कोंबडा होऊन तो झेंड्यावर चढला. शेजारच्या अम्मांनी बुधवारी कुंपणावरून हात जोडले, मला वाटलं तक्रार करतात, त्या तुम्हालाच नमस्कार करत होत्या. आपल्याकडे हा देव ब्रह्मचारी, बायकांनी त्याचं तोंड बघायचं नाही. इथं त्याला दोन बायका आहेत. देवाचीही माहिती शेवटी देणाऱ्यावर अवलंबून असते. या गावात तुमच्या रश्शाचं नाव काढायची माझी छाती नाही.

आवाज तरी कमी करा, एवढीच विनंती होती. गुरुवारी रात्री मी तुम्हाला डालग्याखाली झाकलं, वर गोणपाट, त्यावर सौ.ची जुनी सतरंजी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे लहानपणापासून म्हणत आलो, कधी करून बघितलं नव्हतं. करून बघितलं. चारला दहा कमी. सतरंजीखालून, जरा बसक्या आवाजात, पण वेळेवर. नागोया विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ साली दाखवून दिलंय, की कोंबडा उजेड बघून आरवत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं. मिणमिणत्या उजेडात कोंडून ठेवला तरी पहाटेच्या वेळेला तो तोंड उघडतो. आमच्या आजीला हे ठाऊक होतं. तिने फक्त छापलं नाही.

तर आता तह. खुराडं मागच्या भिंतीपासून काढून मोटरच्या खोलीकडे नेतो. लुगडं परत द्यायचं. डालग्यात बसायचं नाही, तिथं पार्वती बसेल. तिचा हक्काचा कांदा तिला मिळायला हवा. मठात उत्सव असेल त्या आठवड्यात तुमची रवानगी दुकानात, भट्टीशेजारी, तिथं तसंही कुणाला काही ऐकू येत नाही. लाडवाचा चुरा बंद. नाव तेच राहील. नातीशी मी वाद घालू शकत नाही, ती एकदा बरोबर निघालेली आहे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
त्रेचाळीस वर्षं पारख करणारा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात पूक्कारम्मा आली. जाईचा गजरा दिला आणि वाळलेल्या केळीच्या पानाचा एक पुडा पुढे केला. आत तीन अंडी, लहानशी, सायीच्या रंगाची, त्यातलं एक अजून कोमट. ‘‘बाजीराव मुट्टै पोट्टदु, सेट,’’ ती म्हणाली. बाजीरावाने अंडी घातली. हसली मात्र नाही, हे तिचं मोठेपण. सौ. आतून विचारतेय की बाजीराव एकवीस दिवसांसाठी उसना मिळेल का, आणि पूक्कारम्मा विचारतेय की माझ्याकडे असा आणखी एखादा कोंबडा असेल तर देईन का. सरस्वतीची मान आज सकाळपासून जरा उंच वाटतेय, म्हणून मी म्हटलं, उद्या सांगतो.